मँगो चटणी म्हणजे मेथांबा? काहीही हं!

घाटावरची: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "इंग्रजांची मेजर ग्रे मँगो चटणी म्हणजे आपला मेथांबाच, बाटलीत भरलेला." अहो, बाटलीवरचे घटक तरी वाचा. आंबा, साखर, व्हिनेगर, बेदाणे, आलं. फोडणी कुठाय? मेथांब्यात तेलात मोहरी तडतडते, मेथीदाणे लालसर होतात, हिंग पडतो, मग कैरीच्या फोडी, एक वाफ आणि शेवटी गूळ. मेथीचा एक दाणा नाही नि म्हणे मेथांबा!

लेस्टरकर: ते "कुणीतरी" मीच. फोडणी नाही, मान्य. पण कारण बघा ना. आपण वळवाने पाडलेल्या कैऱ्या वाया जाऊ नयेत म्हणून हे सगळं करतो. इथे इंग्लंडात सप्टेंबरात परसात सफरचंदांचा सडा पडतो, थंडी आली की टोमॅटो वेलावर हिरवेच राहतात. त्यांचीही अशीच चटणी करतात. व्हिनेगर-साखरेमुळे वर्षभर टिकते, महिनाभर मुरली की व्हिनेगरचा झणका उतरतो. चेडर चीज आणि पावाबरोबर खाऊन बघा, मग बोला. तुमचा मेथांबा आठ दिवसांत संपवावा लागतो.

पाटावरवंटा: आठ दिवस??? आमच्या आईचा महिनाभर राहायचा, फ्रिजशिवाय. कैरी धुऊन, पुसून, कोरडी करून मगच चिरायची. ओला चमचा बरणीत घातला की हातावर फटका. हल्ली सालं काढून, पाणी ओतून शिजवतात आणि वर बुरशी आली म्हणून रडतात.

घाटावरची: सालं काढतातच! तोतापुरीची साल कडवट लागते.

पाटावरवंटा: तोतापुरीचा मेथांबा!! बोलणंच खुंटलं. रायवळ कैरी घ्या, सालासकट. सोललेल्या फोडींचा लगदा होतो.

घाटावरची: मुंबईत रायवळ तुम्ही आणून देणार का? सगळ्यांच्या दारात झाड नसतं. कोकणवाल्यांचा हा तोरा नेहमीचाच.

पाटावरवंटा: मी सांगलीची आहे. तोरा गुळाचा असेल तर असेल. पिवळाधमक गूळ वापरत असाल तर सालीला कशाला दोष देता?

लेस्टरकर: मूळ विषय चटणी होता, आठवण करून देतो.

घाटावरची: तुमच्या समाधानासाठी काल चीजच्या तुकड्यावर मँगो चटणी घालून खाल्ली. बरी लागते. खूश? मेथांबा मात्र नाही म्हणजे नाही. आणि सांगलीकर, काळा गूळ घातला की रंग चिखलासारखा येतो, त्याचं काय करता ते सांगा.

पाटावरवंटा: चिखल दिसला तर गूळ जळलाय. आधी आच कमी करा.