प्रति: हिरवा टॅग म्हणजे अँटी-जीएफपी?

वर कुणीतरी म्हटलंय की टॅग (प्रोटीन ओळखता यावं म्हणून त्याला जोडलेलं चमकणारं प्रोटीन) हिरवा असला की अँटी-जीएफपी अँटीबॉडी (जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनला पकडणारी) चालतेच. ईजीएफपीला चालते, पिवळ्या ईवायएफपीला नि निळसर ईसीएफपीलाही चालते, कारण ही सगळी एकाच जेलीफिशच्या (एक्वोरिया व्हिक्टोरिया) प्रोटीनमध्ये चार-दोन अमिनो आम्लं बदलून केलेली भावंडं. पण एमनिऑनग्रीन? दिसायला हिरवागार, मूळ मात्र लान्सलेट या माशासारख्या छोट्या समुद्री प्राण्याचं, त्यामुळे नेहमीची अँटी-जीएफपी त्याला ओळखतच नाही, मायक्रोस्कोपखाली पेशी झगझगीत आणि वेस्टर्न ब्लॉट (अँटीबॉडी वापरून प्रोटीनचे पट्टे, म्हणजे बँड, दाखवणारी चाचणी) कोराच्या कोरा! अँटीबॉडीला रंगाशी काय देणंघेणं, ती प्रोटीनची रचना बघते.

एमचेरी या लाल टॅगला अर्थातच वेगळी अँटीबॉडी, ते डिस्कोसोमा या प्रवाळासारख्या समुद्री प्राण्यातून आलंय. आणि त्याचा वेस्टर्न करणार असाल तर अजून एक, सॅम्पल ९५ डिग्रीला उकळलं की त्याची साखळी क्रोमोफोरपाशी (रंग देणाऱ्या भागापाशी) थोडीफार तुटते आणि मेन बँडखाली एक आगाऊ बँड येतो, मग लॅबमध्ये प्रोटिएझ इन्हिबिटर (प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमना, म्हणजे प्रोटिएझना, रोखणारं रसायन) कुणी टाकलं नाही यावरून भांडणं सुरू. शेजारच्या लेनमध्ये तेच सॅम्पल न उकळता लावा, खालचा बँड गेला तर प्रोटिएझचा काही संबंध नाही.