मदत हवी आहे: सासूबाईंचं बीपी दवाखान्यात एक, घरी दुसरं, आणि मुलाचा ताप तर प्रत्येक थर्मामीटरवर वेगळा

सांगलीची_सून

नमस्कार मंडळी,

घरात सासूबाई (वय ७१), आम्ही दोघं आणि साडेचार वर्षांचा मुलगा. सासूबाईंना मागच्या वर्षी बीपीची गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, घरी मोजून वहीत लिहीत जा. म्हणून दंडाला पट्टा गुंडाळायचं डिजिटल मशीन आणलं. दवाखान्यात १५८/९२ आलं, त्याच संध्याकाळी घरी १३४/८०. दुसऱ्या दिवशी सकाळी १५०. लागोपाठ मोजलं तरी आकडे जुळत नाहीत. शेजारच्या काकांनी कौतुकाने त्यांचं मनगटावरचं मशीन आणून दिलं, त्यावर आणखी निराळंच.

मला खरी धास्ती वेगळीच आहे. आकडा चढा आला की त्या दिवशी सगळ्या घराला अळणी आमटी, आणि खाली आला की सासूबाई म्हणतात, "आज गोळी नको गं." नवरा म्हणतो मशीन विकून टाक.

आता मुलाचं. पाऊस सुरू झाल्यापासून ताप येऊन-जाऊन आहे. कपाळासमोर धरायचं गन थर्मामीटर ९४ दाखवतं आणि अंग चांगलं तापलेलं असतं. काखेत डिजिटल लावला तर १००.६. कपाटात जुना पाऱ्याचा पण आहे, तोच खरा असं सासूबाईंचं मत. शिवाय घरात पॅरासिटामॉलच्या १२० आणि २५० अशा दोन बाटल्या आहेत, आणि नणंदेच्या बाळाचे थेंब राहिलेत. मागे कधीतरी डॉक्टरांनी "५ एमएल" सांगितलं होतं. कुठल्या बाटलीचं, ते आता कुणालाच आठवत नाही.

मशीन बदलू की मोजायची पद्धत?

निवृत्त_सिस्टर

ताई, आधी पद्धत. अनेक वर्षं वॉर्डात बीपी घेतलंय, त्यावरून सांगते.

चहा, तंबाखू, जिना चढणं, यानंतर निदान अर्धा तास मोजायचं नाही. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवा, पलंगाच्या कडेवर नको. पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. हात खाली लोंबकळत असेल तर आकडा जास्त येतो. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर ती वर सरकवून पट्टा लावू नका, दंड आवळला जातो. सैल बाहीचं काहीतरी घालायला द्या. मग ५ मिनिटं नुसतं बसायचं. मोजताना बोलायचं नाही, आणि हेच आपल्याकडे सगळ्यात अवघड. मालिका चालू, फोडणीबद्दल सूचना चालू आणि दंडाला पट्टा.

एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही लिहा. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, असं ७ दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. लागोपाठच्या दोन आकड्यांत ५-१०चा फरक असणारच, बीपी काही पाटीवर कोरलेलं नसतं.

दवाखान्यात जास्त, घरी कमी हे पुष्कळांचं असतं. म्हणून तर घरी मोजायला सांगतात. दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात, घरच्या सरासरीला १३५/८५.

आणि एका आकड्यावर गोळी बंद करायची नाही. आज कमी आलंय ते बहुतेक गोळीमुळेच. चक्कर येत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर डॉक्टरांना फोन करा, पण गोळी मनाने सोडू नका. उलट १८०/१२०च्या वर गेलं तर ५ मिनिटं थांबून परत मोजा. तितकंच आलं तर डॉक्टरांना कळवा. सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं असलं काही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, सरळ दवाखाना.

गुलबक्षी

सिस्टरना +१. एक भर घालते: सासूबाईंचा दंड टेपने मोजा. मशीनबरोबर येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमी घेराचा असतो, पट्ट्यावर छापलेलं असतं. दंड त्याहून जाड असेल तर बीपी खोटं वाढलेलं दिसतं. बहुतेक मशीनना मोठा पट्टा वेगळा मिळतो. मनगटाचं मशीन काकांना साभार परत करा, मनगट जरा वरखाली झालं की त्याचा आकडा हलतो. आणि तुमचं मॉडेल तपासून पास झालेलं आहे का ते 'स्ट्राइड बीपी' या संकेतस्थळावर बघता येतं.

दोन_पोरांचा_बाप

गनचं ९४ वाचून हसू आलं, आमच्याकडेही हेच होतं. त्या गनवर मोडचं बटण असतं. अंगाचा ताप आणि वस्तूचं तापमान असे दोन प्रकार असतात. दुधाची बाटली तपासायला कुणीतरी वस्तूवर टाकतं आणि तिथेच राहतं. मोड नीट असला तरी घाम, पंख्याखालचं कपाळ, नुकतंच उन्हातून आलेलं मूल, सगळ्याने ते फसतं. आम्ही गन चाळणीपुरतीच ठेवलीय, शंका आली की काखेत डिजिटल. काख कोरडी पुसून, टोक खोल आत, हात अंगाशी दाबून, बीप होईपर्यंत. काखेचा आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमीच असतो, म्हणजे तुमचा १००.६ हा तापच आहे.

पाऱ्याचा नको. आईंना सांगा, खरा असेलही, पण फुटला तर निस्तरायचं कुणी? पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन बंद करायचं मिनामाता या पाऱ्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलंय आणि भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिलीय. चुकून फुटलाच तर मुलाला खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू आणि व्हॅक्युम दोन्ही नको. जाड कागदाने थेंब गोळा करून झाकणाच्या बरणीत.

औषधवाला_कोपऱ्यावरचा

दुकानात रोज हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर. "५ एमएल" हा डोस नाहीच, मिलिग्रॅम हा डोस. १२०च्या बाटलीत ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम, २५०च्या बाटलीत तेवढ्यातच दुपटीहून जास्त. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ एमएलमध्येच १०० मिलिग्रॅम, म्हणजे त्याचे ५ एमएल ५०० झाले!

मुलाला वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, हा साधारण हिशोब. १६ किलोच्या मुलाला एका वेळी १६० ते २४०. वजन करून घ्या, डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि बाटली दोन्ही लिहून घ्या, आणि घरात एकच बाटली ठेवा. थेंब नणंदेला परत. चहाच्या चमच्याने नाही, सुई नसलेल्या सिरिंजने मोजा, दुकानात मिळते. दोन डोसांत निदान ४ तास. सर्दीच्या सिरपमध्येही बरेचदा पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचा, नाहीतर डोस दुप्पट होतो.

पावसाळा आहे, डेंग्यूची शंका असते. त्यामुळे आयबुप्रोफेन मनाने देऊ नका, आणि ॲस्पिरिन मुलांना नाहीच.

निवृत्त_सिस्टर

हे महत्त्वाचं. आणि ताप येऊन-जाऊन चाललाय तर दवाखान्यात एकदा दाखवाच, थर्मामीटरच्या वादात ते राहून जायला नको. मूल पाणी पीत नसेल, लघवी कमी झाली असेल, मलूल पडून राहत असेल, श्वास जोरात चालत असेल तर त्याच दिवशी. अंग कोमट पाण्याने पुसा, बर्फाचं पाणी नको.

सांगलीची_सून

सगळ्यांचे आभार. दंड मोजला, ३५ निघाला. पट्टा २२-३२चाच आहे! मोठा मागवलाय. गन खरंच वस्तूच्या मोडवर होती. मुलाला उद्या सकाळी दाखवतोय, वजनही तिथेच करून घेऊ.

एक राहिलं: सकाळचं बीपी गोळीआधी घ्यायचं की नंतर? सासूबाई चहाबरोबर गोळी घेतात.

निवृत्त_सिस्टर

गोळीआधी, आणि चहाच्याही आधी. उठल्यावर तासाभरात. मोठा पट्टा आला की वहीत नवं पान घ्या, जुने आकडे सरासरीत धरू नका.