विषय: आईबाबांसोबत दहा दिवस, स्पेन की पोर्तुगाल?

नमस्कार मंडळी,
ऑगस्टमध्ये आईबाबा पुण्याहून परदेशात माझ्याकडे येताहेत. ऑक्टोबरमध्ये त्यांना परत सोडायला मी निघेन, तेव्हा वाटेत दहा दिवस युरोपात घालवायचा विचार आहे. बाबा ७४ वर्षांचे, आईचा एक गुडघा बदललेला. चावी, बटाटा, पगार हे शब्द ज्या भाषेतून आपल्याकडे आले तिचा देश, म्हणजे पोर्तुगाल, आईला बघायचाय. माझा जीव स्पेनमधल्या अल्हम्ब्रा किल्ल्यात अडकलाय. देश शेजारी आहेत, तर पाच-पाच दिवस जमतील का?

उत्तर:
ताई, पाच-पाच नको. पोर्तुगालचं लिस्बन आणि स्पेनचं सेव्हिल नकाशात जवळ दिसतात, पण थेट रेल्वेगाडी नाही. सामानासकट जाण्यातच एक दिवस मोडतो.

माझं मत स्पेनला. मी आईला घेऊन लिस्बनला गेलो होतो. गाव टेकड्यांवर, पदपथ चुनखडीच्या बारक्या दगडांचे, झिजून गुळगुळीत झालेले. त्यात पाऊस पडला. आई तीन दिवस माझा हात धरून पायांकडे बघत चालली. तिला शहर दाखवायचं राहूनच गेलं, याची रुखरुख अजून आहे. सेव्हिल सपाट आहे. माद्रिदहून वेगवान रेल्वेने अडीच तास, आणि कोर्दोबा त्याच मार्गावर. तिथल्या जुन्या मशिदीचे आठशेहून जास्त खांब बाबांना नक्की आवडतील. ग्रानादात अल्हम्ब्रापर्यंत छोटी बस जाते. तिकीट मात्र फार आधी काढा. किल्ल्यातल्या नासरी महालांत शिरायची वेळ त्यावर छापलेली असते, ती चुकली तर आत सोडत नाहीत.

कुठेही जा, दोन्ही देशांना चालणारा शेंगेन व्हिसा आईबाबांनी भारतातूनच काढून यावा. इकडे पाहुणे म्हणून आलेल्यांचे अर्ज वकिलाती सहसा घेत नाहीत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो.

उत्तर:
काका, तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं. पण लिस्बन सगळंच चढाचं नाही. १७५५च्या भूकंपानंतर नव्याने आखलेला बायशा भाग सपाट आहे. बेलेंही नदीकाठी, वास्को द गामाची कबर तिथल्याच मठात आहे. चढावर टॅक्सी करायची. ताई, तुम्ही अल्हम्ब्राला पुढेही जाऊ शकाल. आईंची इच्छा आत्ताच पुरी करा.

उत्तर:
दोघांचे मनापासून आभार. दोन्ही मेल आईला फोनवर वाचून दाखवल्या. पायांकडे बघत चालण्याचं ऐकून ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "सपाट भागातच राहू, पण जाऊ तिकडेच." तेव्हा दहाही दिवस पोर्तुगाल. आईबाबा व्हिसाचा अर्जही त्याच देशाकडे करतील. बायशात लिफ्ट असलेलं, दाराशी पायऱ्या नसलेलं हॉटेल कुणी स्वतः राहून पाहिलंय का?