३० हजारांत जुना पीसी सुधारायचा: आधी ग्राफिक्स कार्ड की आधी प्रोसेसर?

सिडकोचा_गेमर
सरळ मुद्द्यावर येतो. पीसी आहे रायझेन ३ ३२००जी प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबीची एकच रॅम (२४०० स्पीडवाली), २४० जीबी एसएसडी आणि कॅबिनेटबरोबर आलेला एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), ज्यावर ४५० वॅट छापलंय. मॉनिटर साधा १०८०पी. व्हॅलोरंट व्यवस्थित चालतं, पण सायबरपंक लावलं की गेम बघायचा की फोटोंचा अल्बम, कळत नाही. बजेट ३० हजार, वर एक रुपया नाही. एका दुकानदाराने "हे सगळं भंगार, नवीन सेटच घ्या" म्हणून ७० हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. माझं मत, आधी ग्राफिक्स कार्ड घ्यावं, बाकी पुढच्या वर्षी. मोठा भाऊ म्हणतो आधी प्रोसेसर. बोला.

ओझरकर
भाऊ बरोबर बोलतोय. ३२००जी म्हणजे ४ कोअर, ४ थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं. आजचे मोठे गेम त्याला पार पिळून काढतात. कार्ड कितीही भारी लावलं तरी प्रोसेसर १०० टक्क्यांवर अडकणार आणि गेम झटके देणार. सरासरी फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) छान दिसतो, पण शहरात गाडी वळवली की गेम अर्धा सेकंद गोठतो, तो त्रास यूट्यूबवरच्या आकड्यांत दिसत नाही. बी४५० वर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की रायझेन ५ ५६०० बसतो. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, बोर्ड बदलायची गरज नाही. आत्ता ५६०० आणि १६ जीबी रॅम घे, कार्ड दिवाळीला.

फ्रेमरेट
ओझरकर, ५६०० मध्ये इनबिल्ट ग्राफिक्सच नाही. हा आत्ता वेगा ८ वर, म्हणजे ३२००जीच्याच पोटातल्या ग्राफिक्सवर खेळतोय. ३२००जी काढला की एचडीएमआय केबल लावायची कुठे? दिवाळीपर्यंत काळ्या स्क्रीनची पूजा करायची का?

ओझरकर
मग ५६००जी घ्या. त्यात वेगा आहे.

फ्रेमरेट
तिथेच तर लोक फसतात. नावात एक अक्षर जास्त, पण आत एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ एमबीवरून १६ वर येते, आणि गेमिंगमध्ये याच कॅशचा फायदा असतो. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्ड बोर्डाला जोडणारा मार्ग, ४.० च्या जागी ३.० (बी४५० वर तसंही ३.० च मिळतं, पण उद्या बोर्ड बदलला तर?). आणि पैसे मोजायचे त्या ग्राफिक्सचे, जे सहा महिन्यांनी कार्ड आलं की कायमचं झोपणार.

कार्ड आधी घेण्याचं माझं कारण साधं आहे. आत्ताची अडचण वेगा ८ आहे, प्रोसेसर नाही. आरएक्स ६६०० कार्ड लावलं तर १०८०पीला सेटिंग वर नेता येतात. सेटिंग वर नेली की बहुतेक बोजा कार्डावर पडतो, प्रोसेसरवर फारसा नाही. काही गेममध्ये झटके येतील, मान्य. पण खेळता तर येईल. प्रोसेसर बदलून वेगावरच राहिलात तर सायबरपंक आहे तिथेच राहणार.

एक सावधगिरी. ३२००जी कार्डाला पीसीआयई ३.० च्या फक्त ८ लेन (डेटाच्या वाटा) देतो. आरएक्स ६६०० मुळातच ८ लेनचं आहे, त्यामुळे लेन कमी पडत नाहीत. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र ४ लेनचं आणि ४ जीबीचं. ३.० च्या बोर्डावर ते अक्षरशः गुदमरतं. स्वस्त दिसलं म्हणून उचलू नका.

अंबडचा_वायरमन
तुम्ही दोघं कार्ड-प्रोसेसर भांडा, पण त्याच्या एसएमपीएसकडे कुणी बघितलंच नाही. सिडकोवाले भाऊ, कॅबिनेटचं डावं झाकण काढा, एसएमपीएसच्या स्टिकरवर +१२V च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

सिडकोचा_गेमर
१८A.

अंबडचा_वायरमन
१२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. तुमचा "४५० वॅट" तो एवढाच. उरलेला आकडा ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनी जोडून फुगवलेला, आणि प्रोसेसर-कार्ड दोघं खातात १२ व्होल्टवरूनच. त्यात हे २१६ सुद्धा खरे असतील याची मी हमी घेणार नाही. एकटं आरएक्स ६६०० भर लोडवर १३२ वॅट ओढतं. प्रोसेसर धरा, पंखे धरा, बघा काय उरतं.

आणखी एक. या एसएमपीएसला ८ पिनची पीसीआयई वायरच नसणार. मग दुकानात मोलेक्सचा (जुन्या ४ पिनच्या वायरीचा) कन्व्हर्टर देतात, "चालतं हो" म्हणतात. चालतं, जळेपर्यंत. मी वितळलेले काळे कनेक्टर हातात घेतलेत. आधी ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) एसएमपीएस घ्या, बऱ्या कंपनीचा. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसातून किती वेळा झटका येतो माहिती आहे ना? यूपीएस असेल तर त्यावरचा व्हीए आकडा म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो.

पंचवटीने_अपडाउन
३० हजारांत नवीन घेणं हाच मूर्खपणा आहे. नाशिकहून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, मुंबईत दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोडवर सेकंडहँड कार्डं बघा, संध्याकाळच्या पंचवटीने घरी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणं) बंद पडलं तेव्हापासून वापरलेल्या कार्डांना तोटा नाही. नव्या आरएक्स ६६०० च्या पैशांत त्याहून तगडं जुनं कार्ड मिळतं.

रेंडरवाली
आणि बंद पडलं की परत पंचवटी पकडायची? मायनिंगमधून आलेल्या कार्डाचे पंखे, थर्मल पॅड किती चालले ते कुणाला माहीत. एप्रिलमध्ये नाशिक ४० ला टेकतं, पत्र्याखालच्या खोलीत त्या कार्डाचं काय होईल? माझ्या कॉलेज रोडच्या दुकानदाराकडे थोडे जास्त पडतात, पण बिल मिळतं आणि भांडायला माणूस समोर असतो.

बाय द वे, फक्त गेमचाच विचार का करताय? मी ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) वापरते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५० कार्ड घेतलं तर डीएलएसएस (एआयने फ्रेमरेट वाढवणं) मिळतं, कूडा (रेंडरसारखी कामं कार्डावर चालवणं) मिळतं. उद्या तो डिझाइन शिकायला लागला तर?

फ्रेमरेट
ताई, ब्लेंडरसाठी एनव्हिडिया, शंभर टक्के मान्य. पण ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात. ८ जीबीवालं २५६० कोअर, मेमरीचा रस्ता १२८ बिटचा. ६ जीबीवालं २३०४ कोअर, रस्ता ९६ बिटचा. डब्यावर मोठ्या अक्षरात दोन्हीकडे ३०५०. आणि नुसत्या गेमिंगमध्ये आरएक्स ६६०० या दोन्हींच्या पुढे आहे.

अंबडचा_वायरमन
६ जीबीवाल्याचा एक गुण सांगा की. ७० वॅटचं आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही. ज्याला एसएमपीएस बदलायचाच नाही त्याला तेवढं एकच चालेल.

पंचवटीने_अपडाउन
रेंडरवाली, सेकंडहँड म्हणजे डोळे मिटून घ्यायचं असं नाही. दुकानातच पीसीला लावायला सांगा, जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. जुन्या चिपवर नवा बायोस मारून नाव बदललेलं असेल तर ते सॉफ्टवेअर बहुतेक वेळा नावापुढे फेक असं लिहून दाखवतं. मग फरमार्क (कार्डावर पूर्ण लोड टाकणारी टेस्ट) १५ मिनिटं चालवा, तापमान बघा, स्क्रीनवर ठिपके येतात का बघा. जो दुकानदार याला नाही म्हणेल त्याच्या पायरीवरून उतरा.

रेंडरवाली
आणि १७व्या मिनिटाला बंद पडलं तर?

ओझरकर
मी अजून माझ्या मतावर आहे, पण एसएमपीएसनंतर सगळ्यात आधी रॅम घ्या हे तरी सगळे मान्य करा. एकच स्टिक २४०० वर म्हणजे १९.२ जीबी प्रति सेकंद. दुसरी लावली की ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकाच वेळी डेटा देतात), ३८.४. वेगाला स्वतःची मेमरी नसते, तो रॅममधूनच उसनं घेतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. कार्ड आल्यावरही ८ जीबीत विंडोज, डिस्कॉर्ड आणि गेम एकत्र मावत नाहीत.

सिडकोचा_गेमर
ठरवतोय. ५५० वॅटचा ब्रॉन्झ एसएमपीएस, नवीन आरएक्स ६६०० आणि ८ जीबीची दुसरी स्टिक. मला मिळालेल्या भावांत कार्ड २१ हजार, एसएमपीएस ४ हजार, उरलेल्या ५ हजारांत रॅम बसवायला घासाघीस चालू आहे. रॅमवाला ३२०० वाली देतोय, माझ्या २४०० बरोबर चालेल ना?

फ्रेमरेट
चालेल, दोन्ही २४०० वरच धावतील. ड्युअल चॅनलसाठी बोर्डाच्या पुस्तकात सांगितलेल्या दोन स्लॉटमध्येच लाव. चार स्लॉट असतील तर साधारण प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा.

ओझरकर
घे बाबा. पण पुढे ५६०० लावणार असशील तर बायोस जुना प्रोसेसर असतानाच अपडेट करून ठेव. आधी नवा बसवलास तर बोर्ड त्याला ओळखणारच नाही. अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड मेला, म्हणून यूपीएसवर कर. आणि मला सांग, सायबरपंकमध्ये बाजाराच्या गल्लीत गाडी घातलीस की प्रोसेसर कितीवर जातो. तेव्हा बोलू.

फ्रेमरेट
बोलू की. तोवर सेटिंग हायवर ठेवून खेळेल तो.

अंबडचा_वायरमन
कार्डाची लांबी मोजलीत का? दोन पंख्यांची कार्डं २० सेंमीपासून २८ पर्यंत येतात, आणि तुमच्या त्या जुन्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा बरोबर आडवा येतो. टेप घेऊन बसा, मग ऑर्डर करा.