काम नसतानाच संगणक बंद पडतो आणि नोंदीत प्रोसेसरची चूक दिसते : मदत हवी आहे

मूळ प्रश्न

नमस्कार. मी परभणीत राहतो आणि घरीच पुस्तकांची व दिवाळी अंकांची अक्षरजुळणी करतो. गेल्या मे महिन्यापासून माझा संगणक कसलीही पूर्वसूचना न देता एकदम काळा पडतो आणि स्वतःच पुन्हा सुरू होतो. निळा पडदा क्वचितच दिसतो. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा असे घडते, आणि दर वेळी न साठवलेले पान जाते.

यंत्राचा तपशील असा : रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) आणि विंडोज ११. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत प्रत्येक वेळी दोन नोंदी सापडतात. पहिली कर्नल-पॉवर ४१ आणि दुसरी व्हीया-लॉगर १८. दुसऱ्या नोंदीत ‘फेटल हार्डवेअर एरर’, ‘मशीन चेक एक्सेप्शन’, ‘कॅश हायरार्की एरर’ असे शब्द असून शेवटी ‘प्रोसेसर एपीआयसी आयडी’ म्हणून एक आकडा येतो. मुद्रितशोधनाच्या सवयीमुळे मी या नोंदी वहीत उतरवून ठेवल्या आहेत. आजवर २७ झाल्या. त्यांपैकी १९ वेळा तो आकडा ४ आहे आणि ८ वेळा ५ आहे. तिसरा आकडा एकदाही आलेला नाही.

हा प्रकार उन्हाळ्यात सुरू झाल्यामुळे सर्वांनी, आणि अर्थातच मीही, उष्णतेला दोष दिला. आमच्या घराजवळ जिनिंग असल्याने कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर सरकीच्या तुसाचा पांढरा थर साचतो, नखाने उचलला तर कापडासारखा अखंड निघतो. तो साफ केला. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलली. विंडोज दोनदा नव्याने टाकून पाहिले. रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवले, चारही फेऱ्या निर्दोष निघाल्या. भाच्याचा एसएमपीएस दहा दिवस लावून पाहिला, त्या दहा दिवसांतही संगणक दोनदा बंद पडला.

मला न उलगडणारी गोष्ट पुढे आहे. सहाशे पानांच्या ग्रंथाची चित्रांसह पीडीएफ काढताना, म्हणजे यंत्र खऱ्या अर्थाने राबत असताना, ते कधीही बंद पडलेले नाही. मी प्रूफ वाचत असतो, माऊसलाही हात नसतो, तेव्हा ते बंद पडते. शिवाय आता जानेवारी आहे, आणि परभणीची थंडी ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको. पहाटे पाच वाजता, बोटे आखडलेली असताना, प्रोसेसरचे तापमान ३४ अंश असताना तो बंद पडला आहे. तेव्हा उष्णतेचे कारण मला आता पटत नाही. येथील दुकानदार म्हणतात की प्रोसेसर गेला, नवा घ्या. नवा घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद, नांदेडहून

सर, आपल्याकडचा वीजपुरवठा पाहिलात का? शेतीपंप सुरू होण्याच्या वेळी दाब खाली येतो. माझ्याकडेही संगणक असाच बंद-चालू व्हायचा आणि चांगला यूपीएस घेतल्यावर थांबला.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

दादा, यूपीएस पहिल्यापासून आहे. बॅटरी गेल्या वर्षीच बदलली. तरीही तीन आठवडे वेळा टिपून पाहीन.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

काका, वेळा टिपण्यात तीन आठवडे घालवू नका, आपली वही पुरेशी बोलकी आहे. मी संगणक दुरुस्तीचेच काम करते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

कर्नल-पॉवर ४१ या नोंदीकडे आधी दुर्लक्ष करावे. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते; कारण सांगत नाही. वीज गेली तरी तीच नोंद पडते. व्हीया-लॉगर १८ मात्र वेगळी आहे. प्रोसेसरच्या आत स्वतःच्या चुका लिहून ठेवण्याची सोय असते, जणू प्रत्येक विभागापाशी टांगलेली तक्रारवही. सावरता न येणारी चूक झाली की प्रोसेसर तिथे लिहून थांबतो, यंत्र पुन्हा सुरू होते, आणि त्यानंतर विंडोज ती वही वाचून नोंद करते. म्हणून नोंदीवरची वेळ बंद पडण्याची नसून पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते. नुसता वीजदाब कोसळला असता, तर प्रोसेसरला काही लिहिण्याची उसंतच मिळाली नसती आणि आपल्याला केवळ ४१ दिसली असती. वीजपुरवठा निकृष्ट असेल तरी चूक सतत एकाच जागी होण्याचे कारण उरत नाही.

ही एकच जागा कोणती, ते आपल्या ४ आणि ५ या आकड्यांत दडलेले आहे. ५६००एक्समध्ये सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे विभाग) आणि प्रत्येकी दोन थ्रेड (कामाच्या वाटा) आहेत. शून्यापासून मोजले तर ०-१ हा पहिला कोअर, २-३ दुसरा आणि ४-५ तिसरा. म्हणजे सत्तावीसही वेळा एकच कोअर चुकला आहे. ‘कॅश हायरार्की’ या शब्दांनी घाबरून जाऊ नये. त्या कोअरच्या आतल्या व्यवहारात चूक पकडली गेली, इतकाच त्याचा भरवशाचा अर्थ घ्यावा. रॅमचा किंवा तिला जोडणाऱ्या मार्गाचा दोष असता, तर आकडे विखुरलेले दिसण्याची शक्यता अधिक होती.

काम नसताना बंद पडणे हे तर या जातीच्या दोषाचे ठळक लक्षण आहे. सर्व कोअर एकाच वेळी राबतात तेव्हा वीज आणि उष्णता यांच्या मर्यादेमुळे त्यांची गती खाली ठेवली जाते. उलट आपण प्रूफ वाचत असताना बाकीचे कोअर झोपलेले असतात, मध्येच एखादे बारीकसारीक काम येते, आणि एकटा कोअर क्षणार्धात ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत उडी घेतो. या उडीला लागणारा व्होल्टेज तिथे नसेल तर तो अडखळतो.

म्हणून एकच प्रश्न विचारते. मे महिन्याच्या थोडे आधी कोणी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, हात घातला होता का? कोअरचा व्होल्टेज कमी-जास्त करणारी ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ नावाची नोंद शोधून तिच्यापुढे काय लिहिले आहे ते कळवा. बायोसमध्ये काही बदलण्यापूर्वी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्या, नाहीतर संगणक सुरू होताना तीच मागत बसेल.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

ताई, आपला प्रश्न वाचला आणि कपाळावर हात मारून घेतला. एप्रिलच्या शेवटी संगणक फार तापतो म्हणून मीच तो दुकानात नेला होता. पत्र्याच्या खोलीत दुपारी तापमान ८८ अंशांपर्यंत जात असे. दुकानातल्या मुलाने तासाभरात ‘सेटिंग’ करून दिली, तापमान ७४ वर आले, आणि मी खूश होऊन घरी आलो. पुढे जाळीतला तूस काढला, पेस्ट बदलली, विंडोज टाकले, पण त्या सेटिंगची आठवण एकदाही झाली नाही.

बायोसमध्ये पाहिले. ‘ऑल कोअर’, ‘निगेटिव्ह’, आणि आकडा ३०.

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

मग दुखणे सापडले म्हणायला हरकत नाही. या प्रोसेसरमध्ये उणे ३० ही शेवटची पायरी आहे. एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, म्हणजे प्रत्येक कोअरच्या वाट्याचा व्होल्टेज जवळपास ९० ते १५० मिलिव्होल्टने कापला गेला. व्होल्टेज कमी म्हणून उष्णता कमी, हे त्या मुलाचे गणित चुकीचे नाही. परंतु एकाच प्रोसेसरचे सहा कोअर सारख्या अंगाचे नसतात. पाचांनी ही कपात सोसली, तिसऱ्याला सोसली नाही. विंडोज नव्याने टाकून उपयोग झाला नाही, कारण ही नोंद विंडोजमध्ये नसतेच. ती मदरबोर्डवर राहते.

आता कर्व्ह ऑप्टिमायझर पूर्ण बंद करा आणि निदान दोन आठवडे तसेच राहू द्या. मूळ सेटिंगवरही तोच कोअर चुकला, तरच प्रोसेसर सदोष मानावा आणि वॉरंटीत पाठवावा. वॉरंटी शिल्लक असेल तर नवा विकत घेण्याचे कारणच नाही.

प्रतिसाद, लातूरहून

माझ्या इंटेलच्या चौदाव्या पिढीच्या संगणकातही व्हीयाच्या नोंदी येतात. हाच उपाय करावा का?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

नाही, ते प्रकरण निराळे आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू झीज होण्याचा दोष आढळला होता. त्यासाठी २०२४ च्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्त्या, त्या बायोसमधून मिळतात) आले, आणि त्यातल्या बाधित मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. बायोस अद्ययावत करा. मात्र झालेली झीज त्याने भरून निघत नाही. आपण स्वतंत्र धागा काढावा, म्हणजे काकांचा प्रश्न भरकटणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, चार दिवसांनी

ताई, कर्व्ह ऑप्टिमायझर बंद केला होता, तरी आज सकाळी संगणक पुन्हा पडला. नोंद १८, आकडा ४. मग प्रोसेसरच गेला का?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

थांबा. तो आपण कोणत्या पानावर बंद केलात? पुष्कळ मदरबोर्डांवर ही सोय दोन ठिकाणी असते : एक बोर्ड बनवणाऱ्याच्या ट्यूनिंगच्या पानावर आणि दुसरी आतल्या ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’च्या पानावर. पहिली बंद केली तरी दुसरी आपले काम करत राहू शकते. सरळ ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ करून, पुन्हा आत जाऊन दोन्ही पाने डोळ्यांनी तपासा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर, पाच आठवड्यांनी

उशिराबद्दल क्षमस्व, मुद्दामच वाट पाहिली. ताईंचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. आतल्या पानावर उणे ३० तसेच बसलेले होते. सर्व मूळ स्थितीवर नेल्यापासून पस्तीस दिवसांत वहीत अठ्ठाविसाव्या नोंदीनंतर काहीही लिहावे लागलेले नाही. या काळात दोन पुस्तकांची प्रुफे वाचून झाली.

दुकानात जाऊन शांतपणे सांगितले. तो मुलगा प्रामाणिक निघाला. उन्हाळ्यात येणाऱ्या प्रत्येक रायझनला तो सरसकट हाच आकडा देत असे आणि नंतर तासभर ‘फुल लोड’ चालवून पाहत असे. ताईंनी वर लिहिलेले त्याला वाचून दाखवले. सर्व कोअर राबवणाऱ्या त्या चाचणीत हा दोष का दिसत नाही हे त्याला लगेच समजले, आणि एकेक कोअर पाळीपाळीने तपासणारे ‘कोअरसायकलर’ हे मोफत साधन त्यानेच मला उतरवून दिले.

पुढचा प्रश्न उन्हाळ्याचा आहे. पत्र्याखाली पुन्हा ८८ अंश होतील. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंशांची असल्याने तो जळणार नाही हे मान्य, पण पंख्याचा आवाज सोसवत नाही. तिसऱ्या कोअरला शून्य आणि बाकीच्यांना उणे १० दिले तर चालेल का, की ‘इको मोड’ लावून ४५ वॅटवर आणावे?

प्रतिसाद, छत्रपती संभाजीनगरहून

काका, इको मोडच लावा. त्यात व्होल्टेजची कपात नसून वापराची मर्यादा असते, त्यामुळे अडखळण्याचा धोका राहत नाही. पीडीएफ निघायला थोडा वेळ अधिक लागेल, प्रूफ वाचताना फरक कळणारही नाही. उणे १० चा प्रयोग करायचाच असेल, तर बायोसमध्ये कोअरची मोजणी शून्यापासून असते हे विसरू नका. आपला तिसरा कोअर तिथे ‘कोअर २’ म्हणून दिसेल.