सूर्य बुडाल्यावर माझं आकाश मळकं पिवळं का होतं?

संध्याछटा:
आकाशाचा शेडर (पडद्यावरचे रंग काढणारा ग्राफिक्स प्रोग्राम) लिहितोय. रेले स्कॅटरिंगचे (हवेच्या रेणूंमुळे प्रकाश विखुरण्याचे) गुणांक लाल, हिरवा, निळा या क्रमाने ५.८, १३.५ आणि ३३.१ (× १०⁻⁶ प्रति मीटर), हवेची स्केल हाइट (जितकं वर गेल्यावर घनता सुमारे एक तृतीयांश उरते ती उंची) ८ किमी. धुळीसाठी ‘मी’ (Mie) स्कॅटरिंग, तिथे स्केल हाइट १.२ किमी. प्रकाश एकदाच विखुरतो असं धरलंय. दुपार झकास दिसते, मावळतीचा तांबडाही येतो. पण सूर्य क्षितिजाखाली गेला की डोक्यावरचं आकाश पिवळट पडतं. गच्चीतून बघावं तर त्या वेळी ते गर्द निळं असतं! कोडमध्ये चूक सापडत नाही.

दुर्बीणवाला:
कोड ठीक असणार, ओझोन राहिलाय. हिशोब करून बघा. निळ्यासाठी ३३.१ गुणिले ८ किमी म्हणजे उभ्या वाटेत प्रकाशीय जाडी (optical depth) ०.२६५; ती x असेल तर e⁻ˣ इतका प्रकाश सरळ पोचतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश जवळपास ३८ पट हवा ओलांडून येतो, म्हणजे आकडा १० च्या घरात. दहा हजारांत एकही निळा फोटॉन सरळ पोचत नाही, लाल मात्र सहावा हिस्सा टिकतो. संधिप्रकाशात वरच्या हवेलाही असाच निळा गमावलेला उजेड मिळतो. हवा निळा जास्त विखुरते खरं, पण विखुरायला तो उरायला तर हवा! मग तुमचा मळका पिवळा येतो.

खऱ्या आकाशात ओझोन नारिंगी-पिवळा भाग शोषतो. भौतिकशास्त्रज्ञ हलबर्ट यांनी हे १९५३ मध्येच दाखवलं होतं. दुपारी वाट आखूड असते, म्हणून ओझोन वगळला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते त्याच्याशिवाय संध्याकाळ दाखवूच नये.

ओझोनचे शोषण गुणांक त्याच क्रमाने ०.६५०, १.८८१, ०.०८५ (× १०⁻⁶ प्रति मीटर). त्याची घनता २५ किमीवर सर्वाधिक, १० आणि ४० किमीवर शून्य, मधे सरळ रेषा. ओझोन फक्त शोषणात धरा, विखुरण्यात नको.

संध्याछटा:
धन्यवाद! माथा निळा झाला, दुपार जवळपास तशीच राहिली. पण अंधार फार लवकर पडतोय.

क्षितिजरेषा:
तो एकदाच विखुरण्याचा परिणाम. ग्राफिक्स प्रोग्रामर हिलेअर यांच्या २०२० च्या आकाश रेखाटण्याच्या पद्धतीत पुढच्या सगळ्या विखुरण्यांची बेरीज भूमिती श्रेणीने काढतात, त्यासाठी आधीच काढून ठेवलेल्या किमतींचा ३२×३२ चा तक्ता पुरतो. आणि सूर्याकडे जाणारा किरण जमिनीला आपटतो का, ते तपासताय ना? नाहीतर पूर्वेला पृथ्वीची सावली चढताना दिसणारच नाही.