मदत हवी आहे : बालीतील खेड्यात दीर्घ मुदतीने घर घेण्याबाबत

नमस्कार. बालीच्या ताबानान जिल्ह्यात, जिथे सुबाक पद्धतीने पाटाचे पाणी एका भातखाचरातून खालच्या खाचरात उतरते, तिथे बांधाला लागून असलेले दोन खोल्यांचे कौलारू घर आम्हा पतीपत्नीला निवृत्तीनंतर राहण्यासाठी मनापासून आवडले आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या भूमी कायद्यानुसार ‘हाक मिलिक’, म्हणजे पूर्ण मालकी, परदेशी व्यक्तीस मिळत नाही. स्थानिकाच्या नावावर जमीन घेण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. म्हणून २५ वर्षांचा भाडेकरार करावा म्हणतो. मूळ मालकाच्या पश्चात तो वारसांवर बंधनकारक राहावा यासाठी नोटरीकडून कोणती कलमे घालून घ्यावीत? बांजार या वस्तीसभेची संमती आधीच घ्यावी काय? पत्नीला दमा असल्याने, रात्री-अपरात्री देनपसार या बालीच्या राजधानीपर्यंत वाहन मिळते का, हेही तिथे राहिलेल्यांनी कृपया कळवावे.